चामड्याची पारख

जबलपूरहून नागपूरकडे येणाऱ्या रस्त्यावर, नर्मदा ओलांडून काही अंतर पुढे आले की बरगी लागते. आज हे नाव बहुतेकांच्या कानांवर आहे ते नर्मदेवरील मोठ्या धरणामुळे. १९९० च्या सुमारास पूर्ण झालेल्या या धरणाचा जलाशय जबलपूर, मंडला आणि शिवनी अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. परंतु धरणाच्या कितीतरी आधीपासून जबलपूरचे नाव सातासमुद्रापलीकडील कारखान्यांत रोज उच्चारले जात असे, आणि ते एका लहानशा सुकलेल्या फळामुळे. ते फळ म्हणजे हिरडा. त्या बाजूची माणसे त्याला हर्रा म्हणतात.

इंग्रजी अमदानीत हिरड्याची निर्यात मोठ्या प्रमाणावर होत असे, आणि व्यापाऱ्यांनी मालाच्या प्रतवारीला प्रदेशांची नावे दिली होती. एका प्रतीला जबलपूर, दुसरीला आंध्र किनाऱ्यावरील भीमली, तिसरीला वेंगुर्ला. सातपुड्याच्या रानातील हिरडा आणि सह्याद्रीच्या कुशीतील हिरडा असे दोघे परदेशी बाजारात शेजारी शेजारी उभे राहत. जबलपूर आणि नागपूर हे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते, हे पुष्कळांच्या स्मरणात असते. पण जबलपूर आणि वेंगुर्ला यांचे हे नाते मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. हे नाते जोडले चामड्याने. कारण हिरड्याचे मुख्य गिऱ्हाईक होते कातडी कमावणारे कारखाने.

मराठी भाषेनेही याची नोंद ठेविली आहे. हिरड्याचे कोवळे फळ गळून सुकले की तो बाळहिरडा. तो औषधाच्या बटव्यात जातो. पूर्ण पिकलेले फळ म्हणजे सुरवारी हिरडा. आणि या दोहोंच्या मधल्या अवस्थेतील जे फळ, त्याचे नाव चांभारी हिरडा. झाडावरचे फळ कोणत्या वेळी कोणाच्या उपयोगाचे, हे ज्या समाजाला इतके नेमके ठाऊक होते, त्याच समाजाने ‘पायातली वहाण पायातच बरी’ अशी म्हणही रूढ केली. ज्ञान उपयोगापुरते घ्यावयाचे आणि ज्ञानी माणसाला मात्र गावाबाहेर ठेवावयाचे, अशी ही रीत होती. तिचा परिणाम असा झाला की, चामडे कसे ओळखावे, कोणत्या कामाला कोणते निवडावे, हे ज्ञान एका वर्गाच्या हातांतच राहिले. ते पुस्तकांत फारसे उतरले नाही आणि वापरणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंतही पोहोचले नाही. म्हणूनच आज चपलेचा जोड, कमरेचा पट्टा किंवा पैशांचे पाकीट विकत घेताना सुशिक्षित मनुष्यदेखील रंग, चकाकी आणि किंमत एवढेच पाहतो.

चामडे निवडावयाचे तर ते मुळात काय आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. कातडे आणि चामडे हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात, पण कारागिराच्या लेखी त्यांत मोठे अंतर आहे. जनावराच्या अंगावरून उतरविलेले ते कातडे. ते ओले राहिले तर दोन दिवसांत कुजते, वाळले तर फळीसारखे ताठ होते आणि उकळले तर विरघळून त्याचा सरस होतो. चामडे कुजत नाही, वाळले तरी वाकते आणि भिजून वाळले तरी पुन्हा कातड्याच्या अवस्थेस जात नाही. हा पालट घडवून आणणाऱ्या क्रियेला मराठीत ‘कमावणे’ असा फार सुंदर शब्द आहे. शरीर कमवावे तसे कातडे कमवावे लागते.

ही क्रिया कशी घडते, याची खूण प्रत्येकाच्या जिभेवर आहे. हिरडा चघळला की तोंड कोरडे पडते, जीभ आखडल्यासारखी वाटते. या चवीला तुरट म्हणतात. हिरड्यातील तुरट द्रव्य लाळेतील प्रथिनांना जाऊन चिकटते, म्हणून तो कोरडेपणा जाणवतो. कातडेही कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचेच विणलेले असते. चुन्याच्या निवळीत भिजवून केस काढलेले, खरडून स्वच्छ केलेले कातडे अशा तुरट पाण्यात मुरू दिले की ते द्रव्य तंतूतंतूंत शिरते, त्यांना घट्ट धरून बसते, आणि मग कुजविणाऱ्या जंतूंचा तेथे शिरकाव होत नाही. वाळताना तंतू एकमेकांना चिकटत नाहीत. म्हणून चामडे वाकते.

तुरट द्रव्य देणाऱ्या वनस्पती पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीचा गुण निराळा आहे. दख्खनमध्ये बाभळीची साल आणि तरवडाची साल, सातपुड्यात ऐनाची साल, आणि सर्वत्र हिरडा. बाभळीची साल चामड्याला तांबूस रंग आणि भरीवपणा देते. पण एकटीच वापरली तर चामडे कडक होण्याचा संभव असतो. हिरड्यात तुरट द्रव्याचे प्रमाण बरेच, साधारणपणे शेकडा ३० च्या आसपास असते. त्याने रंग फिकट पिवळा येतो व चामड्याला मऊपणा मिळतो. पण एकट्या हिरड्याने आलेला टिकाऊपणा उणा पडतो. म्हणून जुने कारागीर साल आणि हिरडा एकत्र वापरीत आले. कोल्हापूरकडील जुन्या पद्धतीत तर कातडे शिवून त्याचीच पिशवी करतात, तीत साल व हिरडा भरून ती टांगून ठेवतात आणि वरून पाणी ओततात. हे पाणी कातड्यातूनच झिरपत खाली येते, आणि येताना तुरट द्रव्य तंतूंत सोडून जाते. या कामाला आठवडे लागतात, घाई केलेली चालत नाही.

दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली तिचे पेटंट घेतले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासमध्ये ती हिंदुस्थानात रुजविली. सालीने जे काम आठवड्यांत होते, ते क्रोमने दिवसा-दोन दिवसांत होते. क्रोमचे चामडे मऊ, ताणले जाणारे, पाण्याला आणि उष्णतेला अधिक दाद न देणारे असते. आज जगातील बहुतेक चामडे याच रीतीने कमावलेले असते. परंतु त्याच्या सांडपाण्यातील क्रोमियम नीट काढून घेतले नाही तर नदीनाल्यांना अपाय होतो.

या दोन रीतींपैकी चांगली कोणती, हा प्रश्नच मुळी अपुरा आहे. कशासाठी चांगली, असे विचारले तरच उत्तर मिळते. सालीने कमावलेले चामडे पाणी शोषते, ओले असताना हाताने द्यावा तो आकार घेते आणि वाळल्यावर तो आकार सोडीत नाही. त्यावर ठसा उमटतो, त्याची कड घासून गुळगुळीत करता येते आणि वापराने त्याचा रंग गडद होत जातो. म्हणून चपलेचा तळ, कमरेचा पट्टा, खोगीर, चाकूचे म्यान, नक्षीचे काम यांना तेच हवे. क्रोमच्या चामड्यावर ठसा टिकत नाही. दाबलेली नक्षी हळूहळू वर येते. उलट बुटाचा वरचा भाग, मऊ पिशवी, अंगात घालण्याचा कोट यांना क्रोमचेच चामडे शोभते, कारण तेथे ताठपणापेक्षा लवचिकपणाची गरज अधिक. पाते ठेवण्याच्या म्यानाला मात्र क्रोमचे चामडे टाळावे. त्यातील क्षारांनी लोखंडाला गंज चढण्याचा संभव असतो.

कमावण्याची रीत ठरली, म्हणजे जनावराचा विचार येतो. म्हशीचे कातडे जाड, मोठे आणि भरड तंतूंचे. ते झिजेला पुरे पडते, म्हणून तळ आणि वाद्या यांसाठी ते योग्य. गाय-बैलाच्या कातड्याचे तंतू अधिक बारीक व घट्ट असतात. वासराचे त्याहून नाजूक. बकऱ्याचे कातडे पातळ असूनही आश्चर्य वाटावे इतके चिवट असते. पाकिटे, पुस्तकांच्या बांधण्या, चपलेचे वरचे पट्टे व वेण्या यांसाठी त्याच्यासारखे दुसरे नाही. मेंढीचे कातडे हाताला रेशमासारखे लागते, पण त्यात मुळात चरबी अधिक असल्यामुळे ती निघून गेल्यावर तंतू सैल राहतात. अस्तराला व कपड्याला ते ठीक. ज्यावर ताण पडावयाचा त्या वस्तूला ते घेऊ नये, फाटते.

आणि काही कामे अशी आहेत की तेथे कमावलेले चामडे मुळीच चालत नाही. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते, पण ते कमावलेले नसते. केस काढून, ताणून वाळविलेले ते कच्चे कातडे. वाळताना त्याचे तंतू एकमेकांना चिकटून एकजीव होतात, म्हणून थाप पडताच ते सबंध कंप पावते. कमावलेल्या चामड्याचे तंतू सुटे असल्यामुळे ते नाद गिळून टाकते. कच्चे कातडे हवेतील ओल पिते, म्हणून पावसाळ्यात हलगीचा आवाज बसतो आणि हलगीवाला ती शेकोटीवर धरतो. ओल उडाली की कातडे आखडते व हलगी पुन्हा कडकडू लागते. याच्या अगदी उलट गरज विहिरीवरील मोटेची होती. मोटेचे चामडे दिवसभर पाण्यात राहावे, तरी कुजू नये, आणि रात्री सुकले तरी तडकू नये, अशी अपेक्षा असे. म्हणून ते चांगले कमावून त्याला तेल पाजीत. विजेचे पंप आले आणि मोट गेली; परंतु एकाच गावात एकाच कारागिराला हलगीचे कातडे निराळे, मोटेचे निराळे आणि वहाणेचे निराळे, हा विवेक रोज करावा लागे, ही गोष्ट विसरता येत नाही.

जनावर ठरले तरी निवड पुरी होत नाही. एकाच चामड्याच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे गुण असतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचा आणि मागील पुठ्ठ्याकडचा भाग सर्वांत भरीव. तेथे तंतू दाट विणलेले असतात. मानेचा भाग जाड खरा, पण त्यावर वळ्या असतात. पोटाचा भाग पातळ, सैल आणि ताणला जाणारा. कारण जनावर श्वास घेते, चारा खाते, तेव्हा पोटाला फुगावेच लागते. पट्टा पोटाच्या चामड्याचा केला तर तो वर्षभरात लांबतो आणि त्याची भोके ओघळतात. तोच कण्याला समांतर कापलेला असेल तर अनेक वर्षे हटत नाही. चपलेचे दोन तळ कापताना जाणता कारागीर ते कण्याच्या उजव्या व डाव्या बाजूंच्या सारख्याच जागेतून घेतो. नाही तर एक पाय आधी झिजतो. पोटाचा भाग वाया मात्र जात नाही. आतील थर, भर घालण्याचे तुकडे, ज्यावर ताण पडत नाही असे भाग यांना तो उपयोगी पडतो. स्वस्त वस्तूत हाच भाग दर्शनी जागी आलेला असतो.

जाडीचेही तसेच आहे. पाकिटाला एक ते सव्वा मिलिमीटर जाडी पुरे. त्याहून जाड घेतले तर घडी फुगते. कमरेच्या पट्ट्याला तीन ते चार मिलिमीटर हवी. चपलेच्या तळाला त्याहून जाड, किंवा दोन-तीन थर एकावर एक. रापीने कड सोलून दोन थरांचा जोड पातळ करणे हे कारागिराच्या हाताचे काम आहे. पण मुळातच पातळ असलेले चामडे कोणत्याही कसबाने जाड होत नाही.

आता पारख कशी करावी, ते पाहू. चामड्याला दोन बाजू असतात. केसांकडची बाजू गुळगुळीत, तिच्यावर केसांच्या बारीक छिद्रांची रांगोळी दिसते. मांसाकडची बाजू तंतुमय. बळ सर्वांत अधिक असते ते केसांकडच्या थरात. जाड चामडे यंत्राने आडवे चिरून त्याचे दोन थर करतात. खालच्या थराला छिद्रे नसतात, म्हणून त्यावर रंगाचा व प्लॅस्टिकचा लेप देऊन खोटी छिद्रे उठवितात. तोही थर चामड्याचाच असतो, आणि त्यावर ‘अस्सल चामडे’ असे छापले तर ते शब्दशः खोटे नसते. परंतु वरच्या थराचे बळ त्यात नसते. चामड्याचा भुगा चिकटवून केलेला पत्रा तर त्याहून खालचा. फार एकसारखी, रेघ मारल्यासारखी छिद्रे दिसली तर सावध व्हावे. निसर्ग इतका काटेकोर नसतो. गोचिडीचा डाग, जुन्या जखमेची खूण, मानेची वळी या गोष्टी दोष म्हणून टाकण्यापूर्वी त्या खरेपणाच्या साक्षी आहेत, हेही ध्यानात घ्यावे. मात्र कातडे उतरविताना सुरीचे घाव पडले असतील तर ते मागच्या बाजूने शोधावेत. चामडे पुढे तेथेच फाटते.

कापलेली कड पाहावी. क्रोमची कड पुष्कळदा निळसर-करडी असते, सालीची तांबूस किंवा पिवळसर. केसांकडची बाजू बाहेर ठेवून चामडे वाकवावे. बारीक, जवळजवळ सुरकुत्या पडून सरळ करताच मावळल्या तर तंतू घट्ट आहेत. मोठाल्या पोकळ वळ्या उठल्या तर वरचा थर खालच्यापासून सुटू लागला आहे, असे समजावे. पाण्याचा थेंब टाकावा. रंगाचा लेप नसलेल्या सालीच्या चामड्यावर तो लवकर जिरतो व डाग गडद होतो. तुकडा मिळत असेल तर तो क्षणभर उकळत्या पाण्यात धरावा. सालीचे चामडे आखडून वाकते, चांगले क्रोमचे जवळजवळ तसेच राहते. आणि कमावणे पुरे झाले की नाही, हे पाहण्याची एक जुनी युक्ती आहे. कडेची एक बारीक चीर कापून व्हिनेगरमध्ये भिजत ठेवावी. मध्यभागी फुगलेली, काचेसारखी पारदर्शक रेघ दिसली तर तेवढा भाग कच्चाच राहिला आहे. बाहेरून देखणे दिसणारे असे चामडे पहिल्याच पावसाळ्यात कुजू लागते.

या सर्व पारखीची कसोटी कोल्हापुरी वहाणेत लागते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळी, म्हणजे १८९४ ते १९२२ या वर्षांत, या धंद्याला उत्तेजन मिळाले. अस्सल जोडात खिळा नसतो. थर वादीने शिवलेले असतात. सालीने कमावलेला म्हशीच्या चामड्याचा तळ पायाच्या ठशाप्रमाणे बसत जातो, घाम शोषतो आणि वर्षागणिक अधिक नेटका होतो. तोच तळ मुसळधार पावसात भिजला तर फुगतो. हा त्याचा दोष नव्हे. ज्या गुणामुळे तो घाम शोषतो त्याच गुणाची ती दुसरी बाजू आहे. जाणते लोक पावसाळ्यात असा जोड तेल पाजून उंच ठेवून देतात.

२०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांचा त्यात समावेश आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन संस्थेने अशाच घाटाच्या वहाणा मांडल्या. त्यांचे मूळ कोठले, हे आधी सांगितले नव्हते, टीका झाल्यावर ते मान्य केले. घाटाची नक्कल होते याचा राग सर्वांना आला, तो योग्यच होता. परंतु घाट उचलणे सोपे असते. चामड्याची निवड उचलता येत नाही, ती शिकावी लागते, आणि तीच आज धोक्यात आहे.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आल्यामुळे त्या कातड्याचा पुरवठा आटला, आणि मेलेल्या जनावरांच्या कातड्यावर व म्हशीच्या चामड्यावर भर वाढला. साल व हिरडा वापरणारी लहान कमावणी घरे कमी होत गेली. कारागिराला चामडे तयार विकत घ्यावे लागू लागले. पूर्वी ज्याने कातडे उतरविले तो ओळखीचा, ज्याने कमावले तोही ओळखीचा असे. आता गठ्ठा येतो, त्यावर फक्त भाव लिहिलेला असतो. अशा वेळी डोळ्यांची व बोटांची पारख हीच कारागिराची एकमेव ढाल उरते. वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालविले, ते मेलेल्या जनावराचे कातडे शास्त्रशुद्ध रीतीने कमावून खेड्यातच रोजगार राहावा म्हणून. आणि १९४८ साली मद्रास येथे स्थापन झालेल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने या क्रियांना प्रयोगशाळेचा पाठिंबा दिला. ज्ञान आणि हात यांची फारकत होऊ नये, हाच या दोन्ही प्रयत्नांचा अर्थ होता.

त्यात गिऱ्हाइकाचाही वाटा आहे. घेणाऱ्याने चकाकीला किंमत दिली की बाजारात चकाकीच येते. त्याने कड वाकवून पाहिली, मागची बाजू उलटून पाहिली, हा तुकडा पाठीचा की पोटाचा असे विचारले, तर पाठीचे चामडे वापरणाऱ्या प्रामाणिक कारागिराला त्याचा दाम मिळतो. सातपुड्याच्या रानात हिरडा वेचणारी स्त्री, सालीच्या पाण्यात हात घालणारा ढोर, रापी चालविणारा चर्मकार आणि वहाण घालणारा मनुष्य यांची ही एकच साखळी आहे. तिची शेवटची कडी डोळस झाली, तरच पहिल्या कड्या तग धरतील.